विश्लेषण : मुंबईच्या पोटातून मेट्रो धावली, पण रेल्वेच्या दोन लाइन जुळल्या का? चंद्रपूरच्या दोन स्टेशनांना बोगदा हवा का?

मुंबईत चर्चगेट आणि सीएसएमटी ही दोन टोके भुयारी मेट्रोने जोडली गेली. चंद्रपुरातही दोन रेल्वेमार्गांची दोन स्टेशने आहेत आणि दोहोंच्या मध्ये शहर आहे. मग इथेही जमीन खोदायची का? की गाडी आरपार नेण्याचा दुसरा मार्ग आपल्या डोळ्यासमोरच आहे?

सिंदेवाहीची माझी मावशी दर दीड-दोन महिन्यांनी आमच्याकडे घुग्घुसला येते. तिचा प्रवास ठरलेला असतो. सिंदेवाही ते चांदाफोर्ट रेल्वेने, चांदाफोर्ट ते बसस्थानक ऑटोने आणि तिथून घुग्घुसपर्यंत एसटीने. यातला सर्वांत लांब पल्ला रेल्वेचा, पण सगळी कटकट उरलेल्या दोन तुकड्यांची. ऑटोवाला हातातली पिशवी पाहून भाडे सांगतो. एसटीत जागा मिळाली तर मिळाली. आणि घुग्घुसच्या तोंडाशी रेल्वे फाटक बंद असले की कोळशाच्या वाघिणी मोजत बसायचे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईच्या मेट्रो-३ च्या शेवटच्या टप्प्याचे उद्घाटन झाले तेव्हा ती आमच्या घरीच होती. टीव्हीवर चकचकीत भुयारी स्थानके पाहून तिने विचारले, ‘‘मुंबईले जमिनीखालून दोन टेसनं जोडले म्हणते. मंग आपल्या चांद्याले काऊन नाई जोडत रे? इथं तं दोनच आहे.’’

त्या आठवड्यात डेस्कवर मी मेट्रो-३ च्याच बातम्या करत होतो. स्थानकांची यादी, तिकिटाचे दर, पहिली गाडी, शेवटची गाडी, सगळे तोंडपाठ होते. मावशीच्या प्रश्नाला मात्र चटकन उत्तर देता आले नाही. कारण तिच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते. मुंबईत खरोखर रेल्वेच्या दोन लाइन जोडल्या गेल्या का, हा पहिला. आणि जोडायचे म्हणजे खोदायलाच हवे का, हा दुसरा.

एका शहरात दोन-दोन स्टेशने कशी आली?

रेल्वे आली तेव्हा ती एका कंपनीची नव्हती. मुंबईत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. दुसऱ्या बाजूने बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे आली आणि तिने समुद्राच्या कडेने आपली वेगळी वाट धरली. ही लाइन चर्चगेटच्याही पुढे कुलाब्यापर्यंत जात होती. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झाले आणि चर्चगेट हे शेवटचे स्टेशन बनले. दोन कंपन्या, दोन टोके. दोघींना दादरला एकमेकींच्या शेजारी यावे लागले तरी दक्षिण मुंबईत त्यांचे तोंड पुन्हा वेगळे झाले ते आजतागायत.

लंडन, पॅरिस, ब्रसेल्स इथेही हेच घडले. शहराच्या मध्यभागी जमीन महाग, वस्ती दाट. त्यामुळे प्रत्येक कंपनी वेशीपर्यंत आली आणि तिथे आपले दिमाखदार स्टेशन बांधून थांबली.

चांद्याची गोष्ट थोडी वेगळी असली तरी मूळ तेच. वर्ध्याहून वरोऱ्याकडे रेल्वे आली ती माणसांसाठी नव्हे, कोळशासाठी. ती पुढे चंद्रपूरवरून बल्लारशाहला गेली आणि आज दिल्ली-चेन्नई या देशाच्या मुख्य मार्गाचा भाग आहे. दुसरी लाइन गोंदिया-नागभीडकडून आली, बंगाल नागपूर रेल्वेच्या नॅरोगेज जाळ्यातली. जंगलातून हळूहळू येणारी ती छोटी गाडी चांदाफोर्टला थांबे. नंतर ती ब्रॉडगेज झाली, विजेवर आली, तिच्यावरून लांब पल्ल्याच्या गाड्या धावू लागल्या. पण शहराच्या दृष्टीने दोन्ही लाइन एकमेकींकडे पाठ फिरवूनच उभ्या आहेत. चंद्रपूर स्टेशन मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात, चांदाफोर्ट दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. विभागाचे नावसुद्धा एकच, तरी मालक वेगळे. बल्लारशाहच्या पुढे तर तिसरी, दक्षिण मध्य रेल्वे सुरू होते.

टोकाचे स्टेशन आणि आरपार स्टेशन यांत फरक काय?

हे समजले की जगातल्या मोठ्या शहरांनी एवढा खर्च का केला ते समजते, म्हणून इथे थोडे गणित करू. (इंजिनीअरिंगची पदवी बातमीदारीत वापरायची संधी क्वचित मिळते.)

समजा, टोकाच्या स्टेशनात लोकल आली. प्रवासी उतरायचे, नवे चढायचे, मोटरमन आणि गार्डने टोके बदलायची. यात सहा मिनिटे गेली असे धरू. गाडी बाहेर पडून पुढची आत यायला आणखी दोन मिनिटे. म्हणजे एका फलाटावर आठ मिनिटांना एक गाडी, तासाला सात ते आठ. शिवाय स्टेशनच्या तोंडाशी येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्या एकमेकींचे रूळ कापतात. एक आत येत असेल तर दुसरीला थांबावे लागते. लांब पल्ल्याच्या गाडीचे तर विचारूच नका. साफसफाई, पाणी, डबे मागे नेणे, यात ती फलाट बराच वेळ अडवते.

आता तेच स्टेशन आरपार आहे असे समजा. गाडी एका बाजूने येते, एक मिनिट थांबते, दुसऱ्या बाजूने निघून जाते. तीन मिनिटांना एक गाडी धरली तर एका फलाटावरून तासाला २०. फलाट तोच, रूळ तेच, गाड्या मात्र अडीचपटीहून जास्त. डबे उभे करण्याचे आणि धुण्याचे काम शहराबाहेर स्वस्त जागेत जाते.

दुसरा फायदा प्रवाशाचा. गाडी शहरात संपत नाही, म्हणून उत्तरेकडून आलेल्याला दक्षिणेकडे जाताना मध्ये उतरून ऑटो शोधावा लागत नाही. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण हातात पिशव्या, सोबत म्हातारे माणूस आणि कडेवर मूल असलेल्या कुणालाही विचारा. एक गाडी बदलणे टळले तर अर्धा प्रवास हलका होतो.

म्हणजे शहराखालच्या रेल्वे जोडणीचा सगळा जीव ‘आरपार’ या एका शब्दात आहे. बोगदा हे त्याचे एक साधन. हे विसरले की काय होते, ते पुढे मुंबईच्या बाबतीत पाहू.

इतर शहरांनी काय केले?

जर्मनीतले लाइपझिग हे सुमारे सहा लाख वस्तीचे शहर. तिथले मुख्य स्टेशन युरोपातल्या सर्वांत मोठ्या टोकाच्या स्टेशनांपैकी एक. दक्षिणेकडच्या गाड्यांना शहराला वळसा घालून तिथे यावे लागे. तिथे बोगद्याची कल्पना शंभरेक वर्षे जुनी होती. काम २००३ मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये बोगदा खुला झाला. खर्च सुरुवातीच्या अंदाजापेक्षा फार वाढून एक अब्ज युरोच्या जवळ गेला. टीका झाली, ती योग्यही होती. पण बोगदा खुला झाला त्याच दिवशी आसपासच्या प्रदेशातल्या उपनगरी गाड्यांचे नवे वेळापत्रकही लागू झाले. गाड्या एका बाजूच्या गावांतून निघून शहराखालून दुसऱ्या बाजूच्या गावांत जाऊ लागल्या.

ब्रसेल्सचा अनुभव कडू आहे. उत्तर आणि दक्षिण स्टेशन जोडण्यासाठी शहराच्या मध्यातल्या वस्त्या पाडल्या गेल्या. काम पहिल्या महायुद्धाआधी सुरू झाले आणि मार्ग खुला झाला १९५२ मध्ये. मधली कितीतरी वर्षे शहराच्या काळजात पडझड आणि खड्डे. आज तो बेल्जियमच्या रेल्वेचा कणा आहे हे खरे, पण ज्यांची घरे गेली त्यांच्या एका अख्ख्या पिढीला त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

मला सर्वांत आवडते ते लंडनचे उदाहरण, आणि ते घुग्घुसकराला आवडण्यासारखेच आहे. शहराच्या मध्यात स्नो हिल नावाचा एक जुना बोगदा होता, १८६६ सालचा. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची रेल्वे त्यातून जोडली गेली होती. १९१६ मध्ये त्यातली प्रवासी वाहतूक बंद पडली आणि पुढची पन्नासेक वर्षे त्यातून मुख्यतः मालगाड्या गेल्या, कोळशाच्यासुद्धा. मग मालगाड्याही थांबल्या, रूळ उचलले गेले. १९८८ मध्ये कुणाला तरी शहाणपण सुचले. रूळ पुन्हा टाकले आणि थेम्सलिंक नावाची आरपार सेवा सुरू झाली. नवा बोगदा खणावा लागला नाही. अडचण एकच होती. उत्तरेकडे डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची वीज, दक्षिणेकडे जमिनीवरच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टची. त्यावर उपाय म्हणून दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवल्या. ही सेवा इतकी चालली, की पुढे याच मार्गावरून तासाला २४ गाड्या जाव्यात या उद्दिष्टाने मोठा खर्च करून तिची क्षमता वाढवण्यात आली.

मुंबईत नेमके काय जोडले गेले?

मेट्रो-३ ही आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरची, जवळपास पूर्ण भुयारी मार्गिका आहे. स्थानके २७. आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि उरलेला ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, तो ३७,२७६ कोटींवर गेला. दादर, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी, चर्चगेट आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल एका धाग्यात आली, हे मोठेच काम आहे.

२०१९ मध्ये मी नोकरीच्या मुलाखतीसाठी पहिल्यांदा एकटा मुंबईला गेलो. नागपूरहून आलेली गाडी सीएसएमटीला सोडते आणि मुलाखत अंधेरीला. हार्बरची लोकल तिथूनच अंधेरीला जाते हे मला कुणी सांगितले नाही. खांद्यावर बॅग, हातात फाइल, विचारत विचारत भुयारी रस्त्यातून बाहेर आलो तो नको त्या बाजूला. शेवटी आझाद मैदानाला वळसा घालून घामाघूम होऊन चर्चगेट गाठले. आता तोच मुलगा सीएसएमटीला मेट्रोत बसेल, मध्ये एक हुतात्मा चौक आणि पुढे चर्चगेट. किंवा चर्चगेटला न जाता त्याच मेट्रोने थेट मरोळ नाक्यापर्यंत जाईल. सोय झाली, यात वाद नाही.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. रेल्वेच्या दोन लाइन जोडल्या गेल्या का? तर नाही. बोरिवलीहून आलेली लोकल आजही चर्चगेटला संपते आणि कल्याणहून आलेली सीएसएमटीला. दोन्हीकडे मोटरमन आजही टोके बदलतो. मेट्रो-३ ने प्रवाशाचे पाय जोडले, रूळ नाही. फलाटांवरची गाड्यांची कोंडी होती तिथेच राहिली.

रूळ जोडणे शक्य होते का? विजेचा अडसर आता उरलेला नाही. एकेकाळी मुंबईच्या लोकल १५०० व्होल्टच्या वेगळ्या विजेवर चालत. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये, मध्य रेल्वे २०१५ मध्ये आणि हार्बर २०१६ मध्ये २५ हजार व्होल्टवर आली. मेट्रो-३ देखील २५ हजार व्होल्टवरच चालते. फरक आहे तो रुळांच्या अंतरात. आपल्या रेल्वेचे रूळ १६७६ मिलिमीटरवर, मेट्रोचे १४३५ वर. दिल्ली मेट्रोची सुरुवात ब्रॉडगेजने झाली होती, नंतर देशभर नव्या मेट्रो १४३५ वर गेल्या. त्यामागे कारणे आहेत. लहान वळणे घेता येतात, डबे आणि तंत्रज्ञान जागतिक बाजारातून सहज मिळते. पण एकदा हा निर्णय झाला की लोकल त्या बोगद्यात कधीच शिरू शकत नाही. रूळ वेगळे, तिकीट वेगळे, मालक वेगळा.

माझे मत असे, की मेट्रो-३ मुंबईला हवीच होती. मात्र तिच्याकडे बोट दाखवून ‘मुंबईने रेल्वे जोडली, आम्हालाही जोडून द्या’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. एका पिढीचा पैसा जमिनीखाली गेला आणि रेल्वेच्या दोन लाइन अजून वेगळ्याच आहेत.

चंद्रपूरखाली बोगदा का नको?

खर्च हे पहिले कारण, ते सगळ्यांना कळते. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आत होती. पण मला दुसरे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. ते आपल्या पायाखाली आहे.

चंद्रपूरच्या आजूबाजूला महाकाली, लालपेठ, रय्यतवारी, दुर्गापूर या भूमिगत कोळसा खाणींची नावे शहराच्या बोलण्यात मुरलेली आहेत. भूमिगत खाणीत कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब सोडतात, त्यांच्यावर छत तोलले जाते. कोळसा निघाल्यावर पोकळीत वाळू भरायची असते. कुठे भरली जाते, कुठे कमी पडते, कुठे पाणी शिरते, कुठे वर्षानुवर्षे खांब झिजत जातात. जुन्या खाणींचे नकाशे जुन्या काळाइतकेच विश्वासार्ह असतात.

घुग्घुसला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेले. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. ज्या जागी घर होते तिथे खोल खड्डा. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरी रात्री ट्रक गेला आणि भांडे हलले तरी आई उठून बसायची. आमच्या गावात जमिनीखालच्या कामाबद्दल बोलताना लोक आवाज खाली करतात, ते उगाच नाही.

बोगदा खणणारे अवजड यंत्र पुढे सरकते ते समोरची जमीन कशी आहे हे ठाऊक असेल या भरवशावर. कोलकात्यात हावडा आणि सियालदह ही दोन मोठी रेल्वे टोके जोडणाऱ्या भुयारी मेट्रोचे काम सुरू असताना ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बऊबाजार भागात यंत्राला जमिनीतला पाण्याचा साठा लागला. पाणी आणि माती बोगद्यात शिरली, वर घरांना तडे गेले, काही कोसळली, माणसे रातोरात घराबाहेर. तो मार्ग शेवटी २२ ऑगस्ट २०२५ रोजी सलग सुरू झाला. हावड्याला उतरलेला प्रवासी आज हुगळी नदीखालून सियालदहला जातो आणि त्याला त्याचे कौतुकही आहे. पण कोलकात्यात पाणी आडवे आले, तसे चंद्रपुरात काय आडवे येईल? रिकामी, अर्धवट भरलेली, पाण्याने तुंबलेली जागा. इरई आणि झरपट या नद्या आहेतच. गोंडकालीन परकोट आणि जटपुरा गेटसारखे दरवाजे आहेत. इतके सगळे सांभाळून खणायचे आणि वाचवायचे काय, तर ऑटोचा एक फेरा.

मग मागायचे काय?

दोन्ही लाइन मुळात जोडलेल्या आहेत. बल्लारशाहला. गोंदियाकडून येणारी लाइन चांदाफोर्टवरून आणि वर्ध्याकडून येणारी लाइन चंद्रपूरवरून तिथे जाऊन मिळते. रूळ एकाच मापाचे, वीज एकच. मुंबईत जे ३७ हजार कोटींत झाले नाही, ते इथे आधीपासून आहे. नाही ती फक्त त्यावरून आरपार धावणारी गावगाडी.

अडचण आहे, ती लपवत नाही. दोन्ही लाइन बल्लारशाहला उत्तरेकडूनच शिरतात. त्यामुळे चांदाफोर्टकडून आलेली गाडी चंद्रपूरकडे न्यायची तर तिला तिथे तोंड फिरवावे लागते. इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे तर वेळ जातो. पण मेमू गाडीला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. चालकाने इकडून तिकडे चालत जायचे आणि गाडी उलट निघते. विदर्भाला मेमू नवी नाही.

दुसरी अडचण वळशाची. चांदाफोर्ट ते बल्लारशाह आणि बल्लारशाह ते चंद्रपूर मिळून पंचवीसेक किलोमीटर होतात. ज्याला फक्त चंद्रपूर शहरात काम आहे त्याने चांदाफोर्टला उतरून ऑटोच करावा, तो लवकर पोहोचेल. त्याच्यासाठी गाडीच्या वेळेला जोडलेली शहर बस पुरे. ही गाडी आहे ती शहराच्या पलीकडे जाणाऱ्यांची. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा या बाजूचा माणूस ताडाळी, भद्रावती, वरोरा, वर्ध्याकडे जातो तेव्हा आज त्याचा प्रवास शहराच्या मध्ये तुटतो.

आणि घुग्घुस. ताडाळीहून घुग्घुसला रेल्वे आहे. रोज कोळशाचे रेक जातात, सिमेंटचा माल जातो. एका रेकला ५८-५९ वाघिणी. माणसांसाठी मात्र एकही डबा नाही. लंडनने कोळशाच्या बोगद्यातून माणसे नेली, आम्ही कोळशाच्या रुळावर उघड्या आभाळाखालूनही नेत नाही. हे फुकट होणार नाही, हेही मान्य. केवळ मालवाहतुकीच्या मार्गावर प्रवासी गाडी सुरू करायची तर फलाट, सिग्नल, फाटके यांची कामे करावी लागतात आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. कोळशाच्या रेकमधून वेळ काढावा लागेल, आणि वीजकेंद्रांना कोळसा वेळेवर हवा हे कुणी नाकारत नाही. पण सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी इतकीही जागा निघत नाही, हे वेळापत्रक समोर ठेवून दाखवा. तोंडी सांगू नका.

‘मागणीच नाही’ हे रेल्वेचे नेहमीचे उत्तर. ते कसे तयार होते ते पाहा. घुग्घुसला तिकीट विकले जात नाही, कारण गाडी नाही. म्हणून कागदावर घुग्घुसचे प्रवासी शून्य. माझ्या मावशीचा प्रवास रेल्वेच्या वहीत सिंदेवाही ते चांदाफोर्ट एवढाच, तिथे तो संपला. पुढचा तुकडा ऑटोवाल्याच्या खिशात, त्यापुढचा एसटीच्या तिकीट यंत्रात. एका माणसाचा एक प्रवास तीन ठिकाणी तुटून तिन्हीकडे किरकोळ दिसतो. तुटलेल्या प्रवासाची मोजणी तुटलेल्या जागी उभे राहून करावी लागते. चांदाफोर्टच्या बाहेर आठवडाभर दोन माणसे बसवून ‘कुठे चाललात’ एवढे विचारले तरी पुष्कळ कळेल.

हे आताच बोलण्याचे कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशाह या २४० किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. खर्च ४,८१९ कोटी रुपये. वडसा-गडचिरोली या नव्या मार्गाचे काम सुरू आहे, म्हणजे उद्या गडचिरोलीचा प्रवासीही चांदाफोर्टच्याच बाजूने येणार. दुहेरीकरणात बल्लारशाहच्या अलीकडे दोन्ही मार्गांना जोडणारी छोटी कॉर्ड लाइन घालता येते का, गाडीला तोंड न फिरवता चंद्रपूरकडे जाता येईल का, याचा अभ्यास आराखडा कागदावर असतानाच व्हायला हवा. रूळ टाकून झाल्यावर अशा गोष्टी पन्नास वर्षे होत नाहीत. (त्याच मार्गावर चंद्रपूरच्या जंगलात वाघाचे बछडे गाडीखाली आलेले आहेत. दुसरा रूळ टाकताना त्यांच्यासाठी भुयारी वाटा कराव्या लागतील. या सगळ्यात खणायचेच असेल तर ते तिथे खणा.)

आणि तिन्ही रेल्वेंनी एकत्र बसून एक वेळापत्रक करावे. लाइपझिगला बोगद्याइतकेच महत्त्व त्या दिवशी लागू झालेल्या वेळापत्रकाला होते. आपल्याकडे बोगद्याची घोषणा सोपी, कारण तिचे भूमिपूजन करता येते. वेळापत्रकाचे भूमिपूजन होत नाही, म्हणून त्याच्यासाठी निवेदन द्यायलाही कुणी जात नाही.

मागच्या महिन्यात मावशीला घ्यायला मी स्वतः चांदाफोर्टला गेलो. परतताना घुग्घुसचे फाटक लागले. मी गाडी बंद केली. तिने मोजायला सुरुवात केली आणि शेवटच्या वाघिणीपर्यंत मोजून झाल्यावर म्हणाली, ‘‘अठ्ठावन. एवढ्या डब्ब्यायतला एखादा माणसायचा असता तं काय बिघडलं असतं?’’ मी तिला बल्लारशाहला गाडीचे तोंड कसे फिरवावे लागते ते समजावायला लागलो. ती म्हणाली, ‘‘मंग फिरवा नं.’’

फाटक उघडले तेव्हा सव्वासहा वाजले होते.